खान्देशच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर : हवेचा टॉवर की लिक्विड कूलिंग?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणे म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने तो चालवणे. ही जादा गती मिळवताना जी जादा उष्णता तयार होते ती बाहेर काढण्यासाठी हवेचा टॉवर बसवावा की लिक्विड कूलिंगचा संच, हा प्रश्न नवा संगणक जुळवणाऱ्या बहुतेकांपुढे येतो. उत्तर शोधताना आपण जे तक्ते आणि चाचण्या पाहतो, त्या बहुधा 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत केलेल्या असतात. जळगाव, भुसावळ, धुळे, चोपडा या पट्ट्यात मे महिन्यात बाहेरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दुपारी तीन वाजता 40 ते 42 अंश असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तक्त्यातल्या आकड्यांत हा पंधरा-वीस अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा मिळवावा लागतो. म्हणूनच दुसऱ्या हवामानात दिलेला सल्ला आपल्याकडे तसाच उचलून चालत नाही.

आधी उष्णता किती वाढते ते पाहू. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांची उघडझाप होताना खर्च होणारी वीज गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. गती वाढवून प्रोसेसर स्थिर ठेवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि खरा भार तिथेच पडतो. समजा एखादा प्रोसेसर 1.20 व्होल्टवर 5.0 गिगाहर्ट्झ गतीने चालताना 150 वॅट घेतो. तो 5.4 गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी 1.35 व्होल्ट द्यावे लागले, तर गती वाढली आठ टक्के आणि वीज वाढली सुमारे 37 टक्के, म्हणजे 150 वॅटचे 205 वॅट झाले. शिवाय चिप तापली की तिच्यातून होणारी विजेची गळतीही वाढते, त्यामुळे गरम खोलीत तोच प्रोसेसर त्याच गतीला आणखी थोडी वीज ओढतो. ही सगळी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते आणि ती एका नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते.

हवेच्या टॉवरचे काम दिसते त्यापेक्षा सूक्ष्म आहे. प्रोसेसरवर टेकलेल्या तांब्याच्या बैठकीतून जाडसर नळ्या वर निघतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या थप्पीतून आरपार जातात. या नळ्या भरीव तांब्याच्या नसतात. त्यांच्या आत अगदी थोडे पाणी कमी दाबाखाली बंद केलेले असते आणि आतल्या भिंतीवर सच्छिद्र थर असतो. खालच्या टोकाला उष्णता मिळाली की पाण्याची वाफ होते, ती वर पात्यांजवळ जाऊन थंड होते, तिचे पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून ते खाली परतते. म्हणजे ज्याला आपण हवेचे कूलिंग म्हणतो त्यातही उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच करते. फक्त त्याला पंप लागत नाही. 2014 साली बाजारात आलेला नॉक्टुआचा एनएच-डी15 हा या प्रकारचा सर्वांना ठाऊक असलेला दुहेरी टॉवर आहे. त्याला सहा नळ्या आणि 140 मिलिमीटरचे दोन पंखे असून त्याची उंची 165 मिलिमीटर आणि पंख्यांसह वजन सव्वा किलोहून अधिक आहे. पंखा हा त्यातला एकमेव हलणारा भाग, आणि तो बिघडला तर काही शे रुपयांत दुसरा लावता येतो.

लिक्विड कूलिंगच्या बंद संचात, म्हणजे ज्याला दुकानात एआयओ म्हणतात त्यात, प्रोसेसरवर तांब्याची एक पट्टी बसते. तिच्या आतल्या बाजूला केसांसारख्या बारीक खाचा असतात. पंप त्या खाचांतून द्रव फिरवतो, रबरी नळ्यांतून तो रेडिएटरकडे नेतो आणि रेडिएटरवरचे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता एवढी मोठी आहे की सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी एक अंशाने तापवायचे तर पाण्याला सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. मिनिटाला एक लिटर द्रव फिरत असेल आणि प्रोसेसर 200 वॅट उष्णता देत असेल, तर त्या एका फेरीत द्रव जेमतेम तीन अंशांनी तापतो. उष्णता प्रोसेसरपासून दूर नेण्यात लिक्विडची सरशी आहे यात शंका नाही.

पण दूर नेलेली उष्णता अखेर जाते कुठे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि जाहिराती नेमका तोच टाळतात. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातले कूलिंग टॉवर महामार्गावरूनही दिसतात. तिथे पाणी संयंत्रातली उष्णता उचलते खरे, पण ती शेवटी त्या टॉवरमध्ये आजूबाजूच्या हवेलाच द्यावी लागते. संगणकातला रेडिएटरही हेच करतो. फरक एवढाच की दीपनगरच्या टॉवरमध्ये पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यामुळे ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकते. संगणकातला संच मात्र पूर्ण बंद असल्याने त्यातला द्रव खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणे शक्यच नाही. खोलीत 42 अंश असतील तर टॉवर असो की रेडिएटर, दोघांचीही सुरुवात 42 पासूनच होते. ‘लिक्विड’ या शब्दामुळे मनात जे गारव्याचे चित्र उभे राहते त्याला भौतिकशास्त्रात आधार नाही.

मग दोघांत फरक किती पडतो? एक हिशेब करून पाहू. प्रत्येक कूलरचा गुण ‘एका वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर जातो’ या मापात सांगता येतो. समजा एखाद्या चांगल्या दुहेरी टॉवरसाठी आणि त्याखालच्या चिपसाठी मिळून हे माप 0.28 आहे, आणि ज्याच्या रेडिएटरवर 120 मिलिमीटरचे तीन पंखे ओळीने बसतात अशा, म्हणजे 360 मिलिमीटरच्या, चांगल्या लिक्विड संचासाठी 0.23. आपल्या 205 वॅटच्या प्रोसेसरला टॉवर खोलीपेक्षा सुमारे 57 अंश वर ठेवेल आणि लिक्विड सुमारे 47 अंश. खोली 25 अंशांची असेल तर प्रोसेसर अनुक्रमे 82 आणि 72 वर राहील, दोन्ही ठीक. खोली 42 अंशांची झाली की तेच आकडे 99 आणि 89 होतात. इंटेलच्या कोअर आय9-14900के ची मर्यादा 100 अंश आहे, एएमडीच्या रायझन 9 7950एक्स ची 95 आणि रायझन 7 7800एक्स3डी ची 89. म्हणजे जानेवारीत आरामात चालणारे ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात टॉवरवर मर्यादेला जाऊन भिडते आणि प्रोसेसर आपली गती आपणच कमी करू लागतो. ज्या जादा गतीसाठी सगळा खटाटोप केला, तीच नेमकी हातची जाते.

आता याच हिशेबातल्या दोन गोष्टी जरा जवळून पाहाव्यात. टॉवरऐवजी लिक्विड घेतल्याने दहा अंश वाचले. पण ओव्हरक्लॉकिंग सोडून प्रोसेसर 150 वॅटवर आणला, तर त्याच टॉवरवर तो 42 अंशांच्या खोलीत 84 वर येतो, म्हणजे पंधरा अंश वाचतात आणि खर्च शून्य. आणि खोलीच 42 वरून 32 वर आणली तर पुन्हा दहा अंश वाचतात, तेही प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि एसएसडी अशा सगळ्यांचे. खोली थंड ठेवणे आणि व्होल्टेज आवरणे हे दोन उपाय कूलरच्या निवडीइतकेच, किंबहुना त्याहून प्रभावी आहेत, असे माझे ठाम मत आहे. महागडा लिक्विड संच घेऊन तो तापलेल्या खोलीत ठेवणाऱ्याने पैसे चुकीच्या जागी घातलेले असतात.

खान्देशात खोली थंड करण्याचे घरोघरचे साधन म्हणजे वाळ्याचा किंवा हनीकोंबच्या जाळीचा पाण्यावरचा कूलर. मे महिन्यातली कोरडी हवा त्याला मानवते, आणि खिडकीतून बाहेरची हवा ओढत असेल तर तो खोलीचे तापमान सहज आठ-दहा अंशांनी उतरवतो. त्याच्या दमटपणामुळे संगणकात पाणी धरेल ही भीती अनेकांना वाटते. पण पाणी धरते ते खोलीतल्या हवेपेक्षा पुरेशा थंड असलेल्या वस्तूवर, आणि चालू संगणकातली प्रत्येक वस्तू खोलीपेक्षा गरम असते; लिक्विड संचातल्या द्रवालाही हेच लागू आहे. धोका आहे तो वेगळा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर त्याबरोबर बोअरच्या जड पाण्याचे तुषार येतात, ते वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर उरतो, आणि असा थर सर्किटवर साचणे बरे नव्हे. कूलर खोलीच्या एका टोकाला आणि संगणक झोतापासून बाजूला, अशी मांडणी ठेवावी. जून लागून हवा दमट झाली की हा उपाय निकामी होतो, पण तोवर तापमानही उतरलेले असते.

लिक्विडची आणखी एक खुबी चाचण्यांत फसवी ठरते. संचातला द्रव तापायला वेळ लागतो. भार टाकल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे तो उष्णता स्वतःत साठवत राहतो आणि तापमान कमी दिसते. अर्ध्या तासाने तो पुरता तापला की खरा आकडा समोर येतो. गेममध्ये भार चढउतार करत राहतो, तिथे या साठवणुकीचा खरोखर उपयोग होतो आणि पंखे सारखे वर-खाली होत नाहीत. पण अमळनेर किंवा पाचोऱ्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या व्यावसायिकाचा विचार करा. त्याची लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे, दोन-तीन तास सलग आणि तेही भर दुपारी. त्याच्यासाठी पहिल्या दहा मिनिटांच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. त्याने कोणत्याही परीक्षणात अर्ध्या तासानंतरचे तापमान शोधावे आणि त्यात आपल्या खोलीचा फरक मिळवावा.

प्रोसेसरवरचा कूलर कितीही मोठा असला तरी उष्णतेला आधी चिपमधून बाहेर यावे लागते, ही मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. रायझनच्या सहा किंवा आठ कोअरच्या (गणना करणाऱ्या स्वतंत्र भागांच्या) प्रोसेसरमध्ये सगळे कोअर एकाच लहानशा सिलिकॉनच्या तुकड्यात असतात आणि त्यावर जाड धातूचे झाकण असते. वॅट कमी असूनही तिथे तापमान चढते, कारण अडथळा कूलरमध्ये नसून त्याच्या आधीच असतो. अशा प्रोसेसरवर टॉवर आणि लिक्विड यांत दोन-चार अंशांपलीकडे फरक पडत नाही. 7800एक्स3डी सारख्या प्रोसेसरला 360 चा रेडिएटर लावणे मला तरी अनाठायी वाटते. उलट कोअर आय9-14900के कंपनीच्या स्वतःच्या मर्यादेतही 253 वॅटपर्यंत जातो, 7950एक्स 230 वॅटपर्यंत, आणि ओव्हरक्लॉक केल्यावर दोन्ही त्याच्या पुढे. एवढी उष्णता मोठ्या सिलिकॉनमधून सतत बाहेर पडत असेल तर मोठा रेडिएटर आपली किंमत वसूल करतो. ढोबळ मानाने, सतत भाराखाली 180 ते 200 वॅटच्या आत राहणाऱ्या प्रोसेसरला चांगला दुहेरी टॉवर पुरेसा आहे. त्यापुढे 360 चा विचार करावा. 120 किंवा 240 चा लिक्विड संच मात्र या भांडणात कुठेच बसत नाही. 120 चा साध्या टॉवरलाही मागे टाकत नाही, आणि 240 चा बहुतेक वेळा दुहेरी टॉवरच्या बरोबरीचा ठरून किंमत मात्र जास्त लावतो.

उन्हाळ्याचा लिक्विड संचाच्या आयुष्यावरही परिणाम होतो, आणि याची चर्चा फारच कमी होते. बहुतेक संचांत द्रवाचे तापमान साठ अंशांच्या आत ठेवावे लागते. मोठ्या भाराखाली द्रव आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश वर राहतो. खोली 42 ची आणि रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवलेला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा घेणारा, असेल तर द्रव साठीच्या अगदी जवळ जातो. द्रव जितका गरम तितका तो रबरी नळ्यांच्या भिंतीतून सूक्ष्म प्रमाणात झिरपून उडतो. संचात मुळातच अर्ध्या लिटरपेक्षा कमी द्रव असतो. तो घटला की आत हवेची पोकळी वाढते, पंपात बुडबुडे शिरून गुळगुळ आवाज येऊ लागतो आणि पंपाची झीज होते. म्हणूनच रेडिएटर बसवताना त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहील हे पाहावे, म्हणजे हवा रेडिएटरमध्ये साचेल, पंपात नाही. आपल्या हवामानात रेडिएटर समोरच्या बाजूला बसवून त्याला खोलीतली ताजी हवा देणे मला अधिक योग्य वाटते. ग्राफिक्स कार्डाला त्यामुळे थोडी कोमट हवा मिळते, पण ते सहसा सोसते.

धुळीचे म्हणाल तर तिच्यासमोर दोन्ही सारखेच हतबल आहेत, फक्त हाल वेगवेगळे होतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातल्या घरांत बारीक तंतू सर्वत्र उडत असतात. रेडिएटरची पाती टॉवरच्या पात्यांपेक्षा बरीच दाट असतात, त्यामुळे हे तंतू धुळीशी मिळून पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये करड्या नमद्यासारखा थर धरतात. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो; त्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला केल्याशिवाय मागचा थर दिसतच नाही. टॉवरचा पंखा तारेच्या चिमट्यांवर बसवलेला असतो, तो मिनिटभरात निघतो आणि पात्यांतली धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने जाते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो बेफाम फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होणार नाही. दिवाळीची साफसफाई आणि मार्चअखेर, असे वर्षातून दोनदा हे काम केले तर उन्हाळा निभावतो.

बिघाडाच्या वेळी दोन्ही प्रकार कसे वागतात हेही निवड करताना तोलावे. टॉवरचा पंखा बंद पडला तरी किलोभर धातू आणि कॅबिनेटमधला वारा प्रोसेसरला हळूहळू चालवत ठेवतो. पंप बंद पडला की खाचांतला द्रव जागीच थांबतो, काही क्षणांत प्रोसेसर मर्यादेला पोचतो, गती पाडतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद होतो. प्रोसेसर सहसा वाचतो, पण काम थांबते. मोठ्या ब्रँडचे सेवा केंद्र मुंबई-पुण्याला असेल आणि संच कुरिअरने पाठवून परत येईपर्यंत आठवडे जाणार असतील, तर लिक्विड घेणाऱ्याने एक साधा टॉवर जवळ बाळगणे शहाणपणाचे आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पंप नेहमी पूर्ण वेगावर ठेवावा, वेग पंख्यांचा बदलू द्यावा, आणि पंप थांबल्याचा इशारा चालू करून ठेवावा. टॉवरची अडचण वेगळी आहे. त्याचे वजन मदरबोर्डवर आडवे लटकते. शिक्षणासाठी पुण्याला जाणारा विद्यार्थी संगणक एसटीच्या डिकीतून नेणार असेल, तर त्याने टॉवर उतरवून वेगळा बांधावा किंवा कॅबिनेट आडवे ठेवून न्यावे. उंचीही आधी मोजावी, कारण अनेक स्वस्त कॅबिनेटांत 160 मिलिमीटरच्या वरचा टॉवर बसत नाही आणि बाजूची काच लागत नाही.

टॉवरचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. त्याचा वारा प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डच्या भागावरूनही वाहतो. ओव्हरक्लॉकिंगमध्ये त्या भागावर मोठा ताण येतो. लिक्विड बसवल्यावर तिथली हवा स्थिर होते, म्हणून मागच्या बाजूचा पंखा काढून टाकू नये.

सुटे भाग जोडून स्वतःची लिक्विड प्रणाली उभारणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. तिच्यात बोअरचे किंवा नळाचे पाणी कधीही भरू नका. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार त्या केसाएवढ्या खाचांत बसले की निघत नाहीत. आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक किंवा तयार कूलंटच वापरावे, आणि तांबे व ॲल्युमिनियम एकाच प्रणालीत मिसळू नये, कारण दोन धातू आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते.

व्होल्टेजबद्दल अधिक सावध राहण्याचे कारण 2024 साली सर्वांपुढे आले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा त्यामागे वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात असल्याचे कंपनीने मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तापमान आटोक्यात ठेवले म्हणजे व्होल्टेजची इजा टळते असे नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे. इंटेलवर आणि रायझनवर उलट दिशेनेही जाता येते. रायझनमधला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून प्रत्येक कोअरचे व्होल्टेज थोडे खाली आणता येते, आणि प्रोसेसर त्या वाचलेल्या उष्णतेतून स्वतःच जादा गती काढतो. खान्देशच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंगची ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते.

धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांत केलेली सेटिंग मे महिन्यापर्यंत टिकेल असे धरून चालू नये. बायोसमध्ये दोन वेगळ्या प्रोफाइल ठेवाव्यात, एक हिवाळ्याची आणि एक होळीनंतरची. उन्हाळ्याची प्रोफाइल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तपासावी. खोलीतला कूलर नेहमी असतो तसा ठेवावा, प्रोसेसरवर सलग अर्धा तास पूर्ण भार टाकावा, आणि तापमानाबरोबरच गतीचाही आकडा पाहावा. तापमान मर्यादेवर चिकटले आणि गती घसरू लागली, तर प्रोसेसरसाठी नवा कूलर घेण्याआधी बायोसमधली वीजमर्यादा वीस-वीस वॅटने खाली आणत ती चाचणी पुन्हा करावी.